बेपत्ता : न परतलेल्या विमानांचे वाङ्मय

१

रणांगणावर पडणाऱ्या माणसाला बहुधा साक्षी असतो. शेजारी लढणारा सोबती असतो, समोरचा शत्रू असतो, निदान दुसऱ्या दिवशी प्रेते ओळखीत फिरणारी माणसे असतात. जगातील बहुतेक युद्धवाङ्मय या साक्षीच्या आधारावरच उभे राहिले आहे. आपल्या महाभारतकारांनी तर तिची सोय कथेच्या रचनेतच करून ठेवली. आंधळ्या राजाला रणातील वृत्तांत कळावा म्हणून संजयाला दिव्यदृष्टी मिळाली आणि दूर घडणारे युद्ध घरी बसलेल्या पित्याच्या कानी शब्दरूपाने आले. कोण कसा पडला हे सांगणारा कोणी आहे, या विश्वासावर वीररस व करुणरस दोन्ही पोसले गेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धातील रात्रीच्या हवाई हल्ल्यांनी हा साक्षीच हिरावून घेतला. १९४३ च्या मार्चमध्ये, २९ तारखेच्या रात्री, बर्लिनवरील हल्ल्यासाठी इंग्लंडमधून निघालेले 'स्टर्लिंग' जातीचे चार इंजिनांचे एक बाँबफेकी विमान परतीच्या वाटेवर नाहीसे झाले. आत सात माणसे होती. हॉलंडमधील मार्करमेर या जलाशयाच्या तळाशी त्याचे अवशेष २००८ मध्ये आढळले व २०२० मध्ये ते गाळातून वर काढण्यात आले. विमान गेले त्या रात्रीपासून मोजल्यास सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. एवढ्या काळात वाट पाहणारे आईबाप गेले, बायका गेल्या, भावंडेही बहुतेक गेली असतील. त्यांच्या हाती अखेरपर्यंत राहिला तो तारेने आलेला एक शब्द : बेपत्ता.

या लेखात विचार करावयाचा आहे तो या शब्दाचा. जेथे कोणी पाहिले नाही, तेथे वाङ्मयाने काय करावे? मोकळी राहिलेली जागा कल्पनेने भरून काढावी, की ती मोकळी आहे हेच जाणवून द्यावे? युद्धकाळात व नंतर लिहिल्या गेलेल्या काही प्रसिद्ध कृती या प्रश्नासमोर ठेवून पाहिल्या, तर त्यांचे मूल्य नेहमीच्या मोजमापापेक्षा वेगळे दिसू लागते, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम त्या परिस्थितीचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. ब्रिटिश हवाईदलाच्या 'बॉम्बर कमांड' या विभागात विमानातून काम करणाऱ्यांची संख्या सुमारे १,२५,००० होती. त्यांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. हे सर्व स्वेच्छेने आलेले तरुण होते. तीस उड्डाणे पूर्ण झाली की एक फेरी पुरी होई व काही काळ विश्रांती मिळे. पण १९४३ च्या अखेरच्या काळात ती तिसावी रात्र पाहणारे थोडे होते. १९४४ च्या ३० मार्चच्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने गेली आणि ९५ परतली नाहीत.

मोठ्या विमानातील मंडळी सात : वैमानिक, इंजिनांवर देखरेख करणारा, मार्ग आखणारा, बाँब सोडणारा, बिनतारी संदेश सांभाळणारा, आणि दोन मशीनगनवाले, एक पाठीवरच्या काचेच्या घुमटात व दुसरा शेपटीच्या टोकाशी. दिवसा उडणारी अमेरिकन विमाने थव्याने जात आणि सोबतचे विमान कोसळताना सर्वांना दिसे. ब्रिटिश विमाने रात्री, दिवे मालवून, एकेकटी जात. शेकडो विमाने एकाच वाटेवर असली तरी प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटे. दूर अंधारात एखादा भडका दिसला की मार्ग आखणारा आपल्या वहीत वेळ व स्थळ टिपून ठेवी. तो भडका कोणाचा, हे त्याला कळण्याची सोय नव्हती.

त्यातच १९४३ पासून जर्मन रात्रलढाऊ विमाने वरच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा वापरू लागली. बाँबफेकी विमानाच्या पोटाखाली येऊन ती इंधनाच्या टाक्यांवर गोळे मारीत. वरच्या सातांना आपल्याला कोणी मारले हे समजतही नसे. आकाशात अचानक फुटणाऱ्या या ज्वाळांविषयी वैमानिकांत एक समजूत रुजली होती. आपले धैर्य खचावे म्हणून शत्रू जळत्या विमानासारखी दिसणारी दारूकामाची नळकांडी उडवतो, अशी ती समजूत. आणि या नळकांड्यांना नाव पडले होते 'बुजगावणे'. युद्धानंतर उघड झाले की अशी नळकांडी जर्मनांकडे नव्हतीच. आपण बुजगावणे म्हणून पाहिले ते सात सात सोबती असत.

परत येणे हेही सुटका नव्हे. १९४३ च्या १६ डिसेंबरच्या रात्री बर्लिनच्या मोहिमेत २५ विमाने शत्रूच्या हद्दीत व वाटेत गेली. आणि उरलेली इंग्लंडवर आली तेव्हा तळांवर इतके दाट धुके उतरले होते की आणखी २९ विमाने घराच्या अंगणात येऊन कोसळली किंवा आतील माणसांनी ती सोडून हवाईछत्र्यांनी उड्या टाकल्या. खाली धावपट्टीचे दिवे लावून बसलेल्यांना डोक्यावर इंजिनांचा आवाज ऐकू येत होता. ऐकू येत होते, दिसत नव्हते. या सबंध विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

३

आपल्या साहित्यशास्त्रात करुण व विप्रलंभ यांतील सीमारेषा फार काळजीपूर्वक आखलेली आहे. प्रियजनाची पुन्हा भेट होण्याची अपेक्षा संपली की शोक करुणाचा विषय होतो. अपेक्षा उरली असेल तर ती व्याकुळता विप्रलंभाची. भरताने केलेला हा भेद वरकरणी पारिभाषिक वाटतो, पण त्यामागे मानवी स्वभावाची मोठी जाण आहे. दुःखाची जात दुःखाच्या तीव्रतेवरून ठरत नाही. त्यात आशा मिसळलेली आहे की नाही, यावरून ठरते.

'बेपत्ता' हा शब्द नेमका या सीमारेषेवर माणसाला उभे करतो. करुणाला लागणारे प्रेत नाही, आणि विप्रलंभाला लागणारी परतीची अवधही नाही. उत्तरकालीन आलंकारिकांनी अशा अवस्थेसाठी 'करुणविप्रलंभ' नावाची कोटी मानली आणि 'कादंबरी'तील महाश्वेता व पुंडरीक यांचे उदाहरण दिले. पण महाश्वेतेला आकाशातून आश्वासन मिळालेले आहे; तिची प्रतीक्षा कितीही दीर्घ असो, ती सफळ होणार हे तिला माहीत आहे. लिंकनशायरच्या तळावरील मुलाच्या आईला आकाशातून असा कोणताही शब्द येत नव्हता.

मराठी वाचकाला ही अवस्था अपरिचित नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले याविषयी संशय मागे राहिला. पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत वैधव्य मानले नाही. आणि त्या संशयाच्या मोकळ्या जागेतच भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुणे दरबाराची झोप उडाली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. इतिहासातील या घटनेत आमच्या विषयाला उपयोगी असे एक तत्त्व दडलेले आहे. माणसाच्या मनाला मोकळी जागा सोसत नाही. ती कोणी भरली नाही तर तोतया येऊन भरतो.

तेव्हा न परतलेल्या विमानाच्या वाङ्मयापुढे दोन मोह उभे आहेत. एक बुजगावण्याचा, म्हणजे खऱ्या मृत्यूला खोटे स्पष्टीकरण देण्याचा. दुसरा तोतयाचा, म्हणजे न परतलेल्याला कथेत परत आणून वाचकाचे डोळे पुसण्याचा. या दोहोंपासून एखादी कृती किती दूर राहिली, हीच तिची कसोटी होय.

४

टेरेन्स रॅटिगन याचे 'फ्लेअर पाथ' हे नाटक १९४२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. रॅटिगन स्वतः हवाईदलात होता; बिनतारी यंत्र व मशीनगन यांचे काम त्याने विमानात बसून केले होते. असे असूनही त्याने नाटक आकाशात नेले नाही. सारी घटना घडते ती तळाशेजारच्या एका लहान हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत. वैमानिकांच्या बायका तेथे उतरल्या आहेत, रात्री मोहीम निघते, आणि पुढे काय होते ते आपण त्यांच्याबरोबर ऐकतो. रंगभूमीची मर्यादा येथे विषयाचे सामर्थ्य बनली आहे. प्रेक्षकाला दिसते ते खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचे तोंड. विमान कधीच दिसत नाही.

या नाटकातील सर्वांत उत्कट प्रसंग पत्राचा आहे. एक पोलिश सरदार बेपत्ता झाला आहे. त्याची बायको साधी, अल्पशिक्षित इंग्लिश स्त्री. नवऱ्याने आपण न परतल्यास वाचावे म्हणून ठेवलेले पत्र फ्रेंचमध्ये, आणि तिला ती भाषा येत नाही. ते पत्र तिला इंग्रजीत वाचून दाखवतो तो एक नट, आणि हा नट आला आहे तो दुसऱ्या एका वैमानिकाच्या बायकोला आपल्याबरोबर घेऊन जाण्यासाठी. नाटककाराने येथे एकही मोठा शब्द वापरलेला नाही. गैरहजर माणसाचा आवाज परक्या भाषेतून, परक्या तोंडून, घरात येतो. 'बेपत्ता' या शब्दाला याहून नेमके नाट्यरूप देता येणे कठीण.

पण अखेरच्या भागात तो सरदार सुखरूप परत येतो. १९४२ साली, ज्यांची माणसे त्याच क्षणी आकाशात होती अशा प्रेक्षकांसमोर, दुसरा शेवट करणे नाटककाराला शक्य होते काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. तथापि काळाची गरज समजून घेणे वेगळे आणि कलेचा हिशेब मांडणे वेगळे. पत्राच्या प्रसंगाने जी जागा उघडली, ती शेवटाने बुजवली. तोतया येथे प्रामाणिक आहे, देखणा आहे. पण आहे तोतयाच.

त्याच वर्षी आलेल्या 'वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग' या पॉवेल व प्रेसबर्गर यांच्या चित्रपटाचीही हीच गोष्ट. प्रारंभीच एक बाँबफेकी विमान इंग्लंडवर येते, आत कोणीही नाही, आणि ते विजेच्या मनोऱ्यावर आदळून जळते. माणसांवाचून घरी आलेले विमान! एवढ्या एका प्रतिमेत शोकात्मिकेचे बीज होते. पुढे मात्र कळते की सर्वांनी हॉलंडवर उड्या टाकल्या होत्या, आणि डच लोकांच्या, विशेषतः डच स्त्रियांच्या, धैर्याने ते स्वदेशी पोचतात. मित्रराष्ट्रांच्या स्नेहाची कथा म्हणून चित्रपट उत्तम आहे. परंतु शीर्षकातील 'मिसिंग' हा शब्द कथेच्या ओघात एक साहसप्रकरण होऊन बसतो.

एच. ई. बेट्स याची गोष्ट थोडी निराळी. ब्रिटिश हवाईखात्याने या कथालेखकाला केवळ कथा लिहिण्यासाठी सेवेत घेतले आणि 'फ्लाइंग ऑफिसर एक्स' या टोपणनावाने त्याने तळावरील जीवनाच्या लघुकथा लिहिल्या. सरकारी आज्ञेने लिहिलेले वाङ्मय म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. कारण या कथांतील निवेदक जमिनीवरच राहतो. वैमानिकांचे तुटक बोलणे ऐकतो आणि ते जे बोलत नाहीत त्याचा अदमास घेतो. १९४४ मधील 'फेअर स्टूड द विंड फॉर फ्रान्स' या कादंबरीत तोच लेखक परतीच्या वाटेवरचे विमान फ्रान्समध्ये उतरवतो. जखमी वैमानिक, आसरा देणारे शेतकरी कुटुंब, आणि त्या घरातील मुलीशी जडलेले प्रेम यांची ती कथा आहे. कादंबरी अधिक लोकप्रिय झाली. आमच्या मते कथा अधिक खऱ्या आहेत. कादंबरीकाराला सारे माहीत आहे. कथेतील निवेदकाला फारच थोडे माहीत आहे, आणि या विषयात थोडे माहीत असणे हीच लेखकाची पुंजी आहे.

५

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, पॉवेल व प्रेसबर्गर या जोडीने 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा चित्रपट काढला आणि तोतयाच्या प्रश्नाला थेट हात घातला. हल्ल्याहून परतणाऱ्या जळत्या विमानात वैमानिक एकटा उरला आहे, हवाईछत्री निकामी आहे, आणि अखेरचे बोलणे तो बिनतारी यंत्रावरून एका अनोळखी अमेरिकन मुलीशी करतो. नंतर तो उडी मारतो, आणि जिवंत राहतो. कारण परलोकाच्या दूताला धुक्यात तो सापडत नाही. परलोकाच्या दप्तरात एक माणूस कमी भरतो. तेथे वाट पाहत बसतो तो त्याचा मेलेला सोबती. इहलोक रंगीत आणि परलोक काळापांढरा, अशी चित्रपटाची योजना आहे.

येथे एक सूक्ष्म उलटापालट झाली आहे, ती सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पृथ्वीवर जे हजारोंच्या वाट्याला आले, ते या कथेत स्वर्गाच्या वाट्याला येते : कोणी एक यायचा होता, आला नाही, आणि हिशेब लागत नाही. महाश्वेतेला जी आकाशवाणी मिळाली ती मिळावी, अशी सबंध समाजाची तळमळ या कल्पनेमागे आहे. पण चित्रपटकार ती तळमळ कल्पनेच्या रूपातच मांडतात. सारे कदाचित जखमी मेंदूतील भास असेल, ही शक्यता ते अखेरपर्यंत मोकळी ठेवतात. न परतलेला परत येतो खरा, पण परतणे म्हणजे किती अशक्य गोष्ट, हे दाखवूनच. तोतया स्वतःहून आपण तोतया असल्याचे सांगत असेल तर त्याला शासन करण्याचे कारण उरत नाही.

६

कल्पित कृती सोडून प्रत्यक्ष अनुभवाच्या लेखनाकडे वळले, तर साक्षीचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. १९४३ च्या २ डिसेंबरच्या रात्री बर्लिनवर गेलेल्या विमानांत काही वार्ताहरही बसले होते. अमेरिकन नभोवाणीचा एडवर्ड मरो परत आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने केलेले भाषण युद्धवार्तेचा उत्कृष्ट नमुना म्हणून आजही गणले जाते. त्याच रात्री दुसऱ्या एका विमानात नॉर्वेचा कवी नूरदाल ग्रीग होता. तो परत आला नाही. ऑस्ट्रेलियन पत्रकार नॉर्मन स्टॉक्टन हाही परत आला नाही.

या घटनेचा वाङ्मयीन अर्थ असा की, या विषयावरील सारी प्रत्यक्ष साक्ष मरोची आहे, ग्रीगची नाही. जो सांगतो तो, केवळ तो सांगतो आहे यावरूनच, ज्याविषयी सांगावयाचे त्या अनुभवाच्या बाहेरचा ठरतो. मरोच्या भाषणाचे मोल यात आहे की, आकाशात मरणारी माणसे आणि त्याच क्षणी तळघरांत होरपळणारी माणसे ही दोन्ही त्याने एका दमात उच्चारली. पुढील पुष्कळ लेखकांना हे जमले नाही.

डॉन चार्लवुड या ऑस्ट्रेलियन मार्गदर्शकाने लिंकनशायरमधील आपल्या दिवसांवर 'नो मून टुनाइट' हे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. आज रात्री चंद्र नाही, हे शीर्षकच त्याच्या दृष्टीचे द्योतक आहे. चंद्र नसणे वैमानिकाला हवे असते, कारण अंधारात तो सुरक्षित असतो. आणि तोच अंधार त्याच्या मित्रांचा शेवट त्याच्यापासून लपवतो. चार्लवुड मित्रांच्या मृत्यूची दृश्ये रंगवीत नाही. कालपर्यंत जो होता तो आज नाही, एवढेच तो नोंदवतो, आणि मग नेहमीचे काम सुरू होते. या संयमाला कोणी कोरडेपणा म्हणेल. आम्ही त्याला प्रामाणिकपणा म्हणू. जे पाहिले नाही ते न लिहिण्याचा प्रामाणिकपणा.

७

येथपर्यंत आपण खालून वर पाहत होतो. पण न पाहण्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती वगळून केलेला विचार अर्धा ठरेल. घरच्यांना विमानातील सातांचे काय झाले ते दिसले नाही, हे खरे. तसेच विमानातील सातांनाही खाली काय झाले ते दिसले नाही. पंधरा-अठरा हजार फुटांवरून जळणारे शहर म्हणजे लाल-पिवळ्या ठिपक्यांचे जाळे. आपल्या सौप्तिकपर्वात व्यासांनी रात्रीच्या छाप्याचे वर्णन केले, तेव्हा ते छापा घालणाऱ्याबरोबरच झोपलेल्यांच्या छावणीतही गेले. चिरडलेल्यांच्या किंकाळ्या त्यांनी ऐकवल्या. विसाव्या शतकातील छापा घालणाऱ्याला किंकाळी ऐकू येण्याची सोय नव्हती.

हान्स एरिख नोसाक हा हॅम्बर्गचा लेखक. १९४३ च्या जुलैअखेर त्याचे शहर जळले तेव्हा तो योगायोगाने शहराबाहेरील माळरानावरच्या एका झोपडीवजा घरात राहावयास गेला होता. तेथून त्याने विमानांचा घोष ऐकला व आकाश लाल झालेले पाहिले. तीस हजारांहून अधिक माणसे त्या हल्ल्यांत मेली. त्याच नोव्हेंबरात त्याने लिहिलेला वृत्तांत 'डेर उंटरगांग' या नावाने १९४८ मध्ये छापला गेला. ज्यावर बाँब पडले त्या बाजूचा हा लेखकही दुरून पाहणाराच होता, आणि आपण पाहणारे होतो ही बोच त्याच्या वाक्यावाक्यांत आहे. इंग्लंडमधील हॉटेलच्या खिडकीशी उभी असलेली बायको आणि हॅम्बर्गच्या माळावर उभा असलेला लेखक हे दोघे एकाच रात्रीकडे दोन टोकांनी पाहत आहेत. मध्ये काय घडते ते दोघांनाही दिसत नाही.

गेर्ट लेडिग याने १९५६ मध्ये 'फेरगेल्टुंग' या कादंबरीत हे अंतर मोडण्याचा प्रयत्न केला. दिवसाच्या एका अमेरिकन हल्ल्याचा तासाभराचा अवकाश, आणि त्यात खालची माणसे व त्याच शहरात हवाईछत्रीने उतरलेला एक वैमानिक. आकाशातून येणारा येथे प्रथमच आपण केलेल्या कृत्याच्या आत उतरतो. ही कादंबरी त्या वेळी जर्मन वाचकांनी नाकारली व ती विस्मरणात गेली. १९९७ मध्ये झुरिक येथील व्याख्यानांत डब्ल्यू. जी. सेबाल्ड याने हवाई विध्वंसाविषयी जर्मन वाङ्मयाने मौन पाळल्याचा प्रश्न उपस्थित केला, आणि १९९९ मध्ये लेडिगचे पुस्तक पुन्हा छापले गेले. जिंकणाऱ्यांच्या वाङ्मयाने खालच्यांकडे पाहिले नाही, कारण ते अडचणीचे होते. हरणाऱ्यांच्या वाङ्मयानेही पाहिले नाही, कारण अपराधाचे ओझे होते. दोन्हीकडे जागा मोकळीच राहिली.

दोन्ही बाजू एका कथेत आणण्याचे श्रेय लेन डेटन याच्या 'बॉम्बर' या १९७० मधील कादंबरीला द्यावे लागेल. एका दिवसाची व रात्रीची ही कथा. क्रेफेल्ड शहरावर हल्ला ठरलेला असतो, पण खुणेचे दिवे भलत्याच जागी पडतात आणि एक लहानसे गाव जळते. ब्रिटिश वैमानिक, जर्मन रात्रलढाऊ वैमानिक, रडारवर बसलेली माणसे व गावकरी यांना लेखक समान अंतरावर ठेवतो. यंत्रांच्या तपशिलांनी कादंबरी काही ठिकाणी जड झाली आहे, हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पण लेखकाने तिला दिलेली तारीख पाहावी : ३१ जून १९४३. जूनला एकतिसावा दिवस नसतो. मी जे सांगतो ते सर्व रात्रींचे सत्य आहे आणि कोणत्याही एका रात्रीची साक्ष नव्हे, अशी कबुली या तारखेत आहे. सर्वज्ञ निवेदकाचा अधिकार घेणाऱ्या लेखकाने त्या अधिकाराचे मूल्य असे आगाऊ चुकते केलेले क्वचितच आढळते.

८

येथे असा आक्षेप येऊ शकेल की, सांत्वन करणे हेही वाङ्मयाचे काम आहे. न परतलेल्याला कथेत परत आणले तर बिघडले काय? बिघडले असे की, सांत्वन नेहमी कोणाच्या तरी खर्चाने होते. कथेतील एकाला परत आणले की खरोखर न परतलेल्याच्या घरातील प्रतीक्षा हा जणू धीर कमी पडल्याचा दोष होतो. आणि वरच्या सातांचे मरण वीरश्रीच्या भाषेने झाकले, तर त्या भाषेखाली जळालेले शहरही झाकले जाते. बुजगावणे एकाच वेळी दोन्ही प्रेते लपवते. या वैमानिकांचा शोक करण्यासाठी त्यांनी टाकलेल्या बाँबचा विसर पाडण्याची गरज नाही. विसर पाडून केलेला शोक हा त्यांचाही अपमान आहे, कारण त्यांच्यापैकी विचारी माणसे ते ओझे बरोबर घेऊनच विमानात चढत होती.

हा प्रश्न केवळ परदेशी वाङ्मयापुरता आहे असेही नाही. १९७१ च्या युद्धातून न परतलेल्या भारतीय सैनिकांत व वैमानिकांत ज्यांचे पुढे काहीच निश्चित कळले नाही अशांची यादी आहे, आणि तीत मराठी नावे आहेत. त्यांच्या घरांनी पाहिलेली वाट दशकांत मोजावी लागते. जो मराठी लेखक या विषयाला हात घालील, त्याच्यापुढे वीरकथेचा मार्ग सोपा असेल आणि पुनर्भेटीचा त्याहून सोपा. तिसरा मार्ग पार्वतीबाईंच्या दालनातून जातो. तेथे काही घडत नाही. दर संध्याकाळी फक्त दिवा लागतो असे म्हणून भागत नाही, कारण ती वर्षे बावीस होती आणि त्यांतील प्रत्येक दिवशी कुंकू लावताना एक निर्णय नव्याने करावा लागत होता. असा निर्णय शब्दांत पकडणे हे रणवर्णनाहून कठीण काम आहे.

सौप्तिकपर्वाची ती रात्र संपते, दुर्योधन प्राण सोडतो, आणि त्याच क्षणी संजयाची दिव्यदृष्टी नाहीशी होते. व्यासांनी हे सहज सांगून टाकले आहे, पण त्यात मोठा विवेक आहे. रात्रीच्या छाप्यानंतर सांगणाऱ्याजवळ अलौकिक दृष्टी उरत नाही. उरतात ते साधे डोळे, आणि पुढच्या पर्वात रणभूमीवर आपली माणसे शोधीत फिरणाऱ्या स्त्रिया. न परतलेल्या विमानांविषयी ज्यांनी चांगले लिहिले, त्यांनी दिव्यदृष्टीचा हट्ट सोडून या साध्या डोळ्यांनी लिहिले आहे.